गाडी रिकामी कुठे होते?

मंडळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादे तालुक्यात, म्हसावद हे गाव आहे. तुमच्यापैकी काहींचे ते गावच असेल. अशा गावात जुने घर पाडायचे ठरले की आता दारात टिपर उभा राहतो. भिंती पडतात, टिपर भरतो आणि दिवस मावळायच्या आत जागा साफ होते. घरधनी निर्धास्त होतो. पण ती गाडी पुढे कुठे रिकामी झाली, हे आपण विचारतो का? गाड्या बदलल्या तसा हा प्रश्न कसा वाढत गेला, त्याची हकिकत आज ऐका.

आधी आपले खानदेशी धाब्याचे घर आठवा. मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचे धाबे. असे घर उतरवले, तर फेकण्याजोगे फार थोडे उरे. तुळया, खांब, दारे नव्या घरात जात. दगड पायात बसत. जुनी पांढरी माती खत म्हणून शेतात पडे. केरकचरा नि शेण उकिरड्यात कुजे आणि पेरणीआधी रानात जाई. बैलगाडी एका खेपेला नेणार किती, आणि जाणार किती लांब? बैलांना ओझे कळे, म्हणून धन्यालाही कळे. गावचे होते ते गावच्या शिवारातच जिरे.

शहराचे तसे नव्हते. १८६२ साली बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले. खंदक बुजवले, शहर मोकळे झाले. त्या वेळी मोटार नव्हती. माणसांच्या डोक्यावरच्या पाट्या आणि बैलगाड्या, एवढेच वाहन.

पुढे १८९६ साल आले. त्या वर्षी मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. तो ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. आणि त्याच वर्षी, पाहा कसा योग, तिकडे जर्मनीत गोटलीब डाइमलर यांनी जगातला पहिला मोटार ट्रक बांधला. प्लेगच्या धास्तीने १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. शहराचा कचरा लांब नेण्यासाठी आगगाडी कामाला लागली. कुर्ल्याहून चेंबूरकडचा लोहमार्ग १९०६ साली झाला, तो कचऱ्यासाठी. माणसांची गाडी त्यावर धावली १९२४ साली! चेंबूर, देवनार तेव्हा शहराबाहेरची गावे होती. शहर साफ झाले खरे, पण घाण संपली नाही. तिने फक्त गाव बदलले.

रूळ एकाच जागी जातात; ट्रक कुठेही जातो. १९५४ साली टाटांच्या टेल्को कारखान्याने डाइमलर-बेंझ या कंपनीशी करार केला आणि जमशेदपुरात ट्रक तयार होऊ लागले. ज्या डाइमलरने पहिला ट्रक बांधला, त्याच्याच घराण्यातली ही विद्या. पुढे त्यावर टिपरचा सांगाडा चढला. गुरुजी, हा भाग मुलांना जरूर समजावून सांगा. इंजिनाच्या जोरावर पंप चालतो, पंप तेलाला दाबतो, ते तेल नळकांड्यातला दट्ट्या वर ढकलते आणि भरलेली पेटी कलंडते. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम इथे राबतो. आजच्या दहा चाकी ट्रकचे मालासकट वजन कायद्याने २८.५ टनांपर्यंत चालते. चार माणसांचे दिवसभराचे काम पेटीच्या एका कलंडीत होते.

सोय मोठी, यात शंका नाही. भूकंप झाला, इमारत कोसळली, तर याच गाड्या वाट मोकळी करतात. चालकाचे नि हमालाचे कष्टही थोडे नाहीत. धूळ त्यांच्याच छातीत जाते. पण सोयीची दुसरी बाजू उरुळी देवाची या गावाला विचारा. १९८०च्या दशकापासून पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या तिथे रित्या होऊ लागल्या. विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधी घरात शिरली. उरुळी आणि फुरसुंगीच्या लोकांनी कितीदा तरी रस्त्यावर येऊन गाड्या अडवल्या. इकडे देवनारच्या ढिगाला २०१६च्या जानेवारीत आग लागली. धुरामुळे मुंबईत शाळा बंद ठेवाव्या लागल्या. लांब टाकलेले असे फिरून दारी येते.

आता तुम्ही म्हणाल, हे शहरांचे दुखणे, आम्हाला काय त्याचे? आहे, मंडळी, आहे. आता आपलेही घर विटा-सिमेंटचे. त्याचा राडारोडा शेतात जिरत नाही. त्यात प्लॅस्टिक, काच, सिमेंटचे पत्रे मिसळतात. टिपर नाल्याच्या काठी रिता झाला, की पावसाळ्यात पाणी वाट सोडते आणि खालच्या शेतकऱ्याचे पीक बुडवते. मग भांडण भावाभावांत. पाडकामाच्या राडारोड्यासाठी सरकारने २०१६ साली वेगळे नियम केले. पण नियम कागदावर असतो, आणि टिपर आपल्या दारात.

म्हणून घर पाडण्याआधी चार गोष्टी करा. लाकूड, लोखंड, चांगल्या विटा वेगळ्या काढा. मातीत सिमेंट मिसळू देऊ नका. दगड-विटांचे तुकडे नव्या जोत्याच्या भरणीला वापरा. आणि उरलेले कुठे टाकायचे, ती जागा ग्रामसभेत सर्वांसमक्ष ठरवा; नाला, विहीर आणि गायरान सोडून.

गुरुजी, तुमच्याकडे एक मागणे आहे. मुलांना गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. त्यांचे जुने घर उतरवले तेव्हा कोणती वस्तू कुठे गेली, हे वहीत लिहून आणायला सांगा. मग अलीकडे पाडलेल्या एखाद्या घराची तशीच यादी करवा. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. इतिहासाचा असा धडा कोणत्याही पुस्तकात सापडायचा नाही, आणि टिपर कुठे न्यायचा, हे चालकाला सांगायला तीच मुले उद्या पुढे येतील.