अमरावतीचे जितेश शर्मा : एका यष्टिरक्षकाची स्पर्धात्मक कारकीर्द

वऱ्हाडच्या क्रीडा-इतिहासाचा विचार अमरावतीपुरता श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच थांबतो. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकप्रसंगी भारतीय व्यायामप्रकार सादर केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती प्रात्यक्षिके होती, स्पर्धा नव्हे. येथील खेळाडूची स्पर्धात्मक कारकीर्द कशी घडते आणि कोठे अडते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. प्रस्तुत लेखात तो २२ ऑक्टोबर १९९३ रोजी अमरावतीत जन्मलेले क्रिकेटपटू जितेश शर्मा यांच्या संदर्भात तपासला आहे.

रणजी स्पर्धेच्या प्रारंभकाळात ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ होता. १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ खेळू लागला. वऱ्हाड नावातून गेला आणि क्रिकेटचे केंद्र नागपूर झाले. शर्मा यांनी २०१४ मध्ये विदर्भाकडून पदार्पण केले. संघात फलंदाज सहा असू शकतात. हातमोजे मात्र एकाच्याच हाती असतात. विदर्भाने २०१७-१८ मध्ये प्रथमच रणजी करंडक जिंकला, तेव्हा दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांनी शतक झळकावले. त्यानंतर दीर्घ स्वरूपाच्या सामन्यांत शर्मा यांना वाव अल्पच राहिला. २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने त्यांना घेतले होते. तेथेही एकही सामना वाट्यास आला नाही.

वीस षटकांच्या क्रिकेटने त्यांना दुसरी वाट दिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. २०२२ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पंजाब किंग्जकडून ते आयपीएलमध्ये प्रथम खेळले. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत नेपाळविरुद्ध त्यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. त्या स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले. पुढील वर्षीच्या लिलावात बंगळूरूने त्यांच्यासाठी ११ कोटी रुपये मोजले.

२७ मे २०२५ रोजीचा लखनौचा सामना विशेष उल्लेखनीय होय. २२८ धावांचे लक्ष्य, चार गडी बाद १२३ आणि नेतृत्वही शर्मा यांच्याकडेच. मयंक अग्रवाल यांच्या साथीने त्यांनी ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून १८.४ षटकांत विजय मिळवून दिला. या खेळीदरम्यान गोलंदाजाच्या बाजूला त्यांना धावबाद करण्याचा प्रयत्न झाला. प्रतिस्पर्धी कर्णधार ऋषभ पंत यांनी अपील मागे घेतले. धावफलकात या प्रसंगाची नोंद नसते, म्हणून तो येथे नमूद केला. ३ जून रोजी बंगळूरूने प्रथमच आयपीएल विजेतेपद पटकावले. अंतिम सामन्यात शर्मा यांनी १० चेंडूंत २४ धावा केल्या आणि संघ अवघ्या सहा धावांनी जिंकला.

त्याच वर्षी ते विदर्भ सोडून बडोद्याकडे गेले. वर्षअखेरीस ते भारतीय संघातून खेळत होते. तथापि डिसेंबर २०२५ मध्ये विश्वचषकासाठी संजू सॅमसन व ईशान किशन हे यष्टिरक्षक निवडले गेले आणि शर्मा यांचे नाव यादीत आले नाही.