शिरूरची पायपीट ते दौंडचे मैदान : नडगीच्या हाडाचा इतिहास (थ्रेड)

१/ ३१ डिसेंबर १८१७. रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटनच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या फौजेची एक तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. रात्रभर सुमारे २५ मैलांची वाट तुडवून सकाळी ती तळेगाव ढमढेरेनजीकच्या उंचवट्यावर पोहोचली. पुढे कोरेगाव भीमा येथे जी लढाई झाली, तिच्यावर विपुल लिहिले गेले आहे. हा थ्रेड त्या लढाईचा नाही. तो चालणाऱ्या पायांचा आहे.

२/ लढाईच्या अहवालांत तोफा, घोडे, मृत आणि जखमी यांचे आकडे असतात. चालून चालून जायबंदी होणाऱ्या पायाला मात्र त्या काळच्या वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नावही नव्हते.

३/ १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट याने एक विचित्र दुखणे नोंदवले. लांब पल्ल्याच्या कवायतीनंतर नव्या रंगरुटांची पावले सुजत. मार नाही, जखम नाही, तरी पाय टेकवत नसे. १८९५ मध्ये राँटजेनला क्ष-किरण सापडले आणि १८९७ मध्ये श्टेखोव्ह याने दाखवून दिले की, या पावलांतील हाडांनाच तडा गेलेला असतो. हेच ते ‘मार्च फ्रॅक्चर’. आज त्याला व्यापक अर्थाने स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

४/ कारण साधे, पण फसवे. हाड जिवंत असते. रोजची सूक्ष्म झीज ते स्वतःच भरून काढते. भरून निघण्याच्या वेगापेक्षा झिजेचा वेग वाढला, की तडा जातो. म्हणून हा घाव एका पावलाचा नसतो, हजारो पावलांच्या बेरजेचा असतो. मग पाऊल मोजायचे कसे?

५/ पहिले उत्तर फ्रान्समधून आले. शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने बुटाच्या तळाशी हवेची पोकळी बसवली. पाऊल पडले की हवा दाबली जाई, नळीवाटे तो दाब धावणाऱ्याच्या हातातील यंत्रापर्यंत पोहोचे आणि तेथील काटा कागदावर रेघ उमटवी. १८७३ च्या त्याच्या ग्रंथात या बुटाचे वर्णन आहे. अंगावर बाळगण्याच्या गतिमापकाचा हा पूर्वज म्हणता येईल.

६/ १९९१ मध्ये लाफॉर्च्यून या संशोधकाने थेट नडगीच्या हाडात पिन रोवून तिच्यावर प्रवेगमापक बसवला आणि चालताना, धावताना हाडाला बसणारे हादरे नोंदवले. असा प्रयोग रोजच्या सरावात अशक्यच. पण त्याच दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी सिलिकॉनचे चिमुकले प्रवेगमापक बनू लागले. आत केसाहून बारीक स्प्रिंगांवर तोललेला एक कण. हिसका बसला की तो सरकतो आणि विद्युतसंकेत बदलतो. पुढे हाच घटक मोबाइलमध्ये आणि मनगटी घड्याळात शिरला.

७/ २०११ मध्ये क्रोवेल आणि डेव्हिस यांनी १० धावपटूंच्या नडगीवर असा संवेदक बांधला. धावताना प्रत्येक पावलाचा हादरा त्यांना पडद्यावर दिसत होता. काही सत्रांतच त्यांनी पाऊल हलके टाकण्याची सवय लावून घेतली आणि हादरा जवळपास निम्म्यावर आला. दुखापतीनंतर परतणाऱ्या खेळाडूलाही अशाच उपकरणाने डाव्या-उजव्या पायातील तफावत दाखवता येते; लंगडणे डोळ्यांना दिसेनासे झाले, तरी आकड्यांत उरलेले असू शकते.

८/ आता पुन्हा भीमेकाठी. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. राखीव दलासाठी तर ५ किलोमीटर. भरतीची जाहिरात निघाली, की पहाटे डांबरी रस्त्यांवर पावलांचा आवाज सुरू होतो. महिनोन्महिने न धावलेला पाय एकाएकी रोज धावू लागतो. प्रशियाच्या रंगरुटांचे हेच झाले होते. फरक इतकाच की येथे वयाची मर्यादा असते आणि पुढची भरती कधी, हे ठाऊक नसते. म्हणून नडगी ठणकत असली तरी मुले थांबत नाहीत.

९/ मग संवेदक बांधला की प्रश्न सुटला का? नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की जमिनीकडून बसणारा धक्का आणि हाडाच्या आतील भार यांचा मेळ बसतोच असे नाही. कारण त्या भाराचा मोठा वाटा पोटरीच्या स्नायूंच्या ओढीतून येतो. यंत्र हादरा मोजते, हाडाची थकवण नव्हे.

१०/ म्हणजे ब्राइटहाउप्टच्या रंगरुटांनी शिकवलेला धडा अजून जुना झालेला नाही : अंतर हळूहळू वाढवावे, मधे विसावा द्यावा. नडगीच्या हाडावर बोटाएवढ्या एकाच जागी दुखत असेल आणि विश्रांतीतही ठणका राहत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवडे वाया गेल्यासारखे वाटतील. पण तडा वाढला तर अख्खी भरती हातची जाते.