शिक्का आणि मोर्तब

एखाद्या पोराला ‘इरसाल’ म्हणताना आपण ‘रसूल’ या शब्दाच्या सख्ख्या भावाला हाक मारतो, हे कुणाच्या गावीही नसतं. अरबीत र-स-ल हा धातू पाठवण्याचा. पाठवला गेला तो रसूल, पाठवणं म्हणजे इर्साल. जुन्या महसुली कागदांत खजिन्याकडे रवाना केलेला भरणा ‘इरसाल’ असे. तो व्रात्य पोरांपर्यंत कसा घसरला, ही वेगळी कहाणी.

आपला ‘पैगंबर’ मात्र फारसी. पैगाम वाहून आणणारा. त्यातला ‘बर’ संस्कृत ‘भृ’चा नातलग. कुराणात हा शब्द नाही, तिथे नबी आणि रसूल. पण रसूल काय, पैगंबर काय, दोन्ही शब्दांत माणूस निरोप्या आहे, निरोप दुसऱ्याचा. म्हणून निरोपे बदलले तरी धनी तोच राहतो. चौथ्या सूऱ्यातली १६३वी आयत मुहंमदांना हेच सांगते: नूह आणि त्याच्यानंतरच्या नबींकडे जसं पाठवलं, तसंच तुझ्याकडे. पुढे इब्राहीम, अय्यूब, ईसा, सुलेमान अशी नावं येतात.

या पाठवण्याला शब्द आहे ‘वह्य’. उर्दूतून तो ‘वही’ होऊन येतो आणि मराठी वाचकाला शाळेचं दप्तर आठवतं. कुराणात भर लिहिण्यावर नाही. झटकन, आडून केलेली खूण. वाचा बंद झालेला जकरिया लोकांना खुणेनं सांगतो, तिथे याच धातूचं क्रियापद. मधमाशीला घर कुठे बांधायचं हे सुचतं, तीही वह्य. इतकंच काय, सैतान आपल्या साथीदारांना जे फुंकतात त्यालाही तेच क्रियापद! धर्मशास्त्राने पुढे शब्द आवळला आणि नबींपुरता राखला.

मग ही साखळी थांबते कुठे? ३३व्या सूऱ्याच्या ४०व्या आयतीत मुहंमदांना ‘खातम-अन्-नबिय्यीन’ म्हटलंय. खातम म्हणजे मुद्रा, मोहोर. काही पाठपरंपरांत ‘खातिम’ असा उच्चार आहे, म्हणजे शेवट करणारा. आपलं ‘खतम’ याच घरचं. मला इथे मराठी दफ्तर मदतीला येतं. पत्राच्या माथ्यावर शिक्का, अखेरीस मोर्तब. शिक्क्याने मजकूर खरा ठरायचा, मोर्तबाने पुढे कुणाला ओळ घुसडता येत नसे. ‘खातम’ ही दोन्ही कामं एकटा करतो: आधीच्या नबींना खरं ठरवतो आणि कागद मिटतो.

बहुसंख्य मुस्लिमांसाठी दुसरं काम निर्विवाद आहे. अहमदिया पंथाचा वाद नेमका याच शब्दावर. सूफींनी वेगळी वाट काढली. १२४० मध्ये वारलेल्या इब्न अरबीने नवा कायदा आणणारी नबुव्वत संपली असं मानलं, पण वलींना, म्हणजे संतांना, होणारा ‘इल्हाम’ चालूच ठेवला. इल्हामचा धातू गिळण्याचा. म्हणजे निरोप हाती येत नाही, घशाखाली उतरवला जातो.