कॅबिनेटचे पंखे हबवर, प्रोसेसरचा कूलर बोर्डावर : जोडणी कशी करावी?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आता अनेक घरांत कॉम्प्युटर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग, पत्रिका आणि बॅनरचे डिझाइन, दुकानाचा हिशोब, सगळे त्याच्यावरच चालते. नेमके लग्नसराईत, काम भरात असताना मशीन तापून बंद पडले तर घरातल्या कमाईलाच फटका बसतो.

म्हणून बरेच जण कॅबिनेटमध्ये तीन-चार जादा पंखे बसवून घेतात. पंखे वाढले की मदरबोर्डवरच्या जागा कमी पडतात आणि मग फॅन हब घेतला जातो. हब चांगली वस्तू आहे. पण कोणता पंखा कुठे लावायचा हे कळले नाही, तर पंखे असूनही मशीन तापते. ती माहिती आम्ही इथे सोप्या भाषेत देत आहोत.

उष्णतेचा साधा हिशोब

पंखा हवा थंड करत नाही, खोलीतली हवा फक्त आत-बाहेर करतो. म्हणून खोली जितकी तापेल, साधारण तितकाच प्रोसेसरही जास्त तापतो. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७० अंशांवर चालत असेल, तर मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेल्यावर तेच काम करताना तो ८३ च्या आसपास पोचेल. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या जवळ गेले की स्वतःचा वेग कमी करतात. तरीही उष्णता वाढत राहिली, तर मशीन एकदम बंद होते आणि सेव्ह न केलेले काम जाते.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागात यंत्रमाग आहेत. चादरी-टॉवेलच्या कारखान्याजवळ घर असेल, तर कापसाचे बारीक तंतू धुळीसोबत घरात येतात आणि कूलरच्या पात्यांमध्ये अडकून बसतात. अशा घरात पंखा जाम होण्याची शक्यता जास्त असते.

३ पिन आणि ४ पिनचा फरक

पंख्याच्या ३ पिनच्या वायरीत एक तार ग्राउंडची, दुसरी १२ व्होल्टची आणि तिसरी वेग सांगणारी असते. या तिसऱ्या तारेतून पंखा बोर्डाला सांगतो की मी फिरतो आहे आणि इतक्या वेगाने फिरतो आहे. ४ पिनच्या पंख्यात चौथी तार जादा असते. तिच्यातून बोर्ड पंख्याला हळू किंवा जोरात फिरायला सांगतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात.

बहुतेक हब ४ पिनच्या पंख्यांसाठी असतात. त्यावर ३ पिनचा पंखा लावला तर तो चालतो, पण कायम पूर्ण वेगाने फिरतो आणि आवाज करतो. हब घेण्याआधी आपल्या पंख्यांच्या पिना मोजून घ्या. काही कॅबिनेटसोबत ६ पिनचे पंखे आणि त्यांचाच वेगळा हब येतो. ते पंखे दुसऱ्या कुठल्या हबवर बसत नाहीत.

हब काय करतो?

मदरबोर्डवरची पंख्याची एक जागा साधारण १ अँपिअर, म्हणजे १२ वॅटपर्यंत वीज देते. एक साधा १२० मिलिमीटरचा पंखा ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो. ०.३ अँपिअरचे पाच पंखे एकाच जागेवर स्प्लिटर लावून जोडले, तर १.५ अँपिअर होतात आणि बोर्डावरची ती जागा जळू शकते. बोर्ड दुरुस्तीचा खर्च हबच्या कितीतरी पट असतो.

चांगला हब वीज बोर्डाकडून घेत नाही. तो एसएमपीएसच्या साटा वायरीतून थेट वीज घेतो. बोर्डाकडून त्याला फक्त वेगाचा संकेत हवा असतो. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ४.५ अँपिअरपर्यंत वीज देऊ शकतो, म्हणजे सात-आठ साध्या पंख्यांचीही चिंता नाही. साटा वायर शिल्लक नसेल, तर स्वस्तातली मोलेक्स ते साटा जोडवायर घेऊ नका. तशा वायरी वितळून जळाल्याच्या घटना घडल्या आहेत.

सर्वात महत्त्वाची गोष्ट

हबवर आठ पंखे असले, तरी वेगाची खबर बोर्डापर्यंत एकाच पंख्याची जाते. त्या जागेवर बहुधा १ आकडा असतो किंवा तिचा रंग वेगळा असतो. बाकीचे पंखे फिरतात, पण त्यांची खबर जात नाही. पाचव्या जागेवरचा पंखा बंद पडला तरी स्क्रीनवर सगळे ठीकच दिसते.

म्हणूनच प्रोसेसरचा कूलर हबच्या कुठल्याही जागेवर लावू नये. तो बोर्डावर प्रोसेसरजवळच्या, सीपीयू फॅन असे छापलेल्या जागेवर थेट लावावा. तिथला पंखा थांबला, तर बहुतेक बोर्ड सुरू होतानाच इशारा देतात. कूलर हबच्या भलत्या जागेवर असेल, तर एकतर हा इशारा रोज विनाकारण येतो, नाहीतर कुणीतरी वैतागून तो बंद करून टाकतो आणि मग खरा बिघाड झाला तरी कळत नाही.

जुन्या सेकंडहँड बोर्डावर कधी ४ पिनची एकच जागा असते, तीही सीपीयू फॅनची. अशा वेळी हबची संकेताची वायर तिथे लावा आणि कूलर हबच्या १ नंबरच्या जागेवरच लावा. मग निदान कूलरची खबर तरी बोर्डाला मिळत राहील.

जोडणी क्रमाने

१. मशीन बंद करा, भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढा. मग पॉवरचे बटण एकदा दाबा, उरलेली वीज निघून जाते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करा.

२. पंख्यांची दिशा बघा. ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचे-वरचे बाहेर टाकणारे ठेवा. समोर जाळी हवीच.

३. कूलरची वायर सीपीयू फॅनच्या जागेवर लावा. कूलरला दोन पंखे असतील, तर कूलरसोबत आलेली दुतोंडी वायर वापरा.

४. कॅबिनेटचे पंखे हबवर लावा. १ नंबरची जागा रिकामी ठेवू नका.

५. हबची संकेताची वायर बोर्डावर चेसिस फॅन किंवा सिस्टीम फॅन असे छापलेल्या ४ पिनच्या जागेवर लावा. ती जागा ३ पिनची असेल, तर वेगाचा संकेत मिळणार नाही आणि पंखे पूर्ण वेगाने फिरतील.

६. शेवटी साटा वायर हबला जोडा.

पाण्याचा कूलर असेल तर त्याचा पंप हबवर लावू नका. पंप सतत एकाच वेगाने चालायला हवा. त्यासाठी बोर्डावरची पंपची किंवा सीपीयू फॅनची जागा वापरा.

रंगीत दिव्यांच्या वायरी वेगळ्या असतात. एका प्रकारच्या दिव्यांना ५ व्होल्ट लागतात, दुसऱ्यांना १२. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर लावले की जळतात. प्लग जबरदस्तीने दाबू नका.

बायोसमध्ये काय करायचे?

बायोसमध्ये हबच्या जागेसाठी डीसीऐवजी पीडब्ल्यूएम निवडा. सुरुवातीला ४० अंशांवर ४० टक्के, ६० अंशांवर ६० टक्के आणि ७५ च्या पुढे १०० टक्के वेग ठेवा. उन्हाळ्यात थोडा वाढवा, थंडीत कमी करा.

महिन्यातून एकदा

बाजूचे झाकण काढून मशीन चालू करा आणि हात न लावता प्रत्येक पंखा डोळ्यांनी बघा, कारण हबवरचा थांबलेला पंखा बोर्ड दाखवणार नाही. मग मशीन बंद करून साफसफाई करा. ब्लोअर मारताना पाते बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकते.

दुकानातून जोडून घेत असाल, तर बिल देण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारा. हबला वीज एसएमपीएसमधून दिली आहे का? प्रोसेसरचा कूलर बोर्डावर थेट आहे का? आणि बायोसमध्ये कूलरचा वेग दिसतो का? तिन्हींची उत्तरे समोर उभे राहून बघून घ्या आणि मगच मशीन घरी आणा.