सरकारी पान मोबाईलवर आडवं का सरकवावं लागतं?

(थोडं लांबलंय. पण ज्यांनी एकदा तरी ‘सबमिट’चं बटण शोधत स्क्रीन डावी-उजवी केली आहे, त्यांनी वाचावंच.)

चाकण, भोसरी, तळवडे, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटं उभं राहून बघा. युनिफॉर्ममधला कुणीतरी मोबाईल पुढे करतो. “दादा, फॉर्म भरलाय, पण पुढचं बटणच दिसत नाहीये.” बटण असतं. फक्त ते स्क्रीनच्या उजव्या कडेबाहेर असतं. बोटाने सरकवून बटण आणलं, की डावीकडची नावं गायब. दुकानदार म्हणतो, “वरचे तीन टिंब दाबा, ‘डेस्कटॉप साईट’ला टिक करा.” मग अख्खं पान दिसतं, पण अक्षरं मुंगीएवढी. शेवटी तोच फॉर्म दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरला जातो, प्रिंट निघते, पैसे दिले जातात.

दुकानदाराची काही चूक नाही, तो त्याच्या कामाचे पैसे घेतो. पण मोबाईल त्या माणसाचा, डेटा त्याचा, वाचायला-लिहायला त्याला येतं. पान स्क्रीनमध्ये मावलं असतं तर तो घरी बसून मोकळा झाला असता. आपण याला ‘साईट चालत नाही’ म्हणून सोडून देतो. खरं तर साईट चालत असते. पानाची रुंदी चुकलेली असते, आणि या चुकीला जवळजवळ तीस वर्षांचा इतिहास आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण आपल्या पट्ट्यात ड्रॉइंग वाचणारी माणसं घरोघरी आहेत, त्यामुळे अवघड जाऊ नये.

१) शिम टाकण्याचे दिवस

सुरुवातीच्या वेबपानाला ठरलेली रुंदी नव्हतीच. खिडकी मोठी केली की ओळी लांबायच्या, लहान केली की आखडायच्या. मजकूर पाण्यासारखा, भांड्याचा आकार घेणारा. पण पानं बनवायला लोक आले ते छपाईच्या सवयीतून. त्यांना वर्तमानपत्रासारखे कॉलम हवे होते, आणि ब्राउझरकडे त्याची सोयच नव्हती.

मग जुगाड निघाला. आकडेवारीसाठी असलेला तक्ता त्यांनी पान मांडायला वापरला. तक्त्याचे रकाने आकसू नयेत म्हणून त्यात एका पिक्सेलचं, पूर्ण पारदर्शक चित्र ठेवायचं आणि त्याची रुंदी ताणून हवी तेवढी करायची. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने ही युक्ती जगभर पोहोचवली. वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर हा शिम होता. फट राहिली, की पत्र्याचा तुकडा सारायचा. काम भागतं, पण मूळ माप चुकलेलंच राहतं.

रुंदीचा आकडा यायचा कुठून? तेव्हाच्या मॉनिटरवरून. ८०० बाय ६०० चा पडदा असेल तर स्क्रोलबार आणि कडा सोडून ७६० च्या आसपास. पुढे १०२४ बाय ७६८ चे पडदे आले, तेव्हा ९६०. हा आकडा लाडका झाला, कारण त्याला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ या सगळ्यांनी भाग जातो, कॉलम पाडायला सोपं. आणि पानाच्या तळाशी ती ओळ यायला लागली: हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये, १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसते. सरकारी साईटवर ती ओळ आपण वर्षानुवर्षं पाहिली आहे. सरळ अर्थ असा, की पान तुमच्यासाठी बदलणार नाही, पानासाठी तुम्ही मॉनिटर बदला.

२) आयडी की ओडी?

१९९६ च्या डिसेंबरमध्ये सीएसएसचं पहिलं मानक जाहीर झालं. मजकूर एकीकडे, मांडणीचे नियम दुसरीकडे. त्यात ‘विड्थ’, म्हणजे रुंदी सांगण्याची अधिकृत सोय होती. आता शिमची गरज संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण मोजायचं कुठून यावरच एकमत नव्हतं.

पाइपचं ड्रॉइंग आलं आणि त्यावर नुसतं ३०० लिहिलंय, तर पहिला प्रश्न काय विचाराल? आयडी की ओडी? आतलं माप की बाहेरचं? इथेही अगदी तेच झालं. मानक म्हणत होतं, रुंदी म्हणजे आतल्या मजकुराची. दोन्ही बाजूंची २०-२० ची मोकळी जागा आणि ५-५ ची चौकट त्यात मिळवायची, म्हणजे ३०० चा डबा प्रत्यक्षात ३५० जागा खाणार. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ म्हणत होता, ३०० म्हणजे सगळं धरून ३००. ड्रॉइंग एक, पार्ट दोन मापांचे. एका ब्राउझरमध्ये नीट बसलेला कॉलम दुसऱ्यात खाली घसरायचा.

यावर तांतेक चेलिक यांनी काढलेली पळवाट खूप गाजली. सीएसएसमध्ये एक नियम होता, पान मोठ्याने वाचून दाखवताना आवाज कोणता असावा हे सांगणारा. त्याच्या किमतीत अवतरणचिन्हांत एक बंद कंस लिहिला, की जुना एक्सप्लोरर समजायचा ‘नियम संपले’ आणि पुढचं वाचायचाच नाही. म्हणून आधी त्याच्यासाठी चुकीच्या पद्धतीला जुळणारा आकडा द्यायचा, मग हा कंस, मग बाकीच्यांसाठी खरा आकडा. आवाजाचा नियम, आणि वापर रुंदीसाठी! गंमत म्हणजे चेलिक स्वतः तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्येच, मॅकवरच्या एक्सप्लोररचं काम बघत होते.

आणखी गंमत पुढे आहे. काही वर्षांनी सगळ्यांना पटलं, की बाहेरून बाहेर मोजणंच सोयीचं. आज बहुतेक पानांच्या नियमांत पहिल्या काही ओळींत ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ लिहिलेलं असतं. म्हणजे ज्याला चूक म्हणून दहा वर्षं शिव्या घातल्या, तीच मोजणी आता राजीखुशीने मागून घेतली जाते. फरक इतकाच, की आता ड्रॉइंगवर ‘ओडी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

३) टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग

खरा पेच मात्र वेगळा होता. कुठलाही अनुभवी टर्नर सांगेल, नुसतं माप देऊन भागत नाही, वरची आणि खालची मर्यादा द्यावी लागते. पानालाही तेच हवं: यापेक्षा रुंद होऊ नको, यापेक्षा अरुंद होऊ नको, मधे जागा असेल तसं पसर. १९९८ च्या दुसऱ्या सीएसएस मानकात ही सोय आली, ‘मॅक्स-विड्थ’ आणि ‘मिन-विड्थ’.

पण २००१ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला हे दोन्ही शब्द कळत नव्हते. आणि तो विंडोज एक्सपीबरोबर ऑफिसा-ऑफिसात, सायबर कॅफेत, कारखान्यांच्या स्टोअरमध्ये पोहोचला होता. तज्ज्ञांनी पुन्हा पळवाट काढली. एक्सप्लोररमध्ये नियमाच्या जागी छोटं गणित लिहिता यायचं: खिडकी ८०० पेक्षा मोठी असेल तर ८०० वर थांब, नाहीतर मोकळं सोड. चालायचं, पण ब्राउझर ते गणित सारखं सारखं करत बसायचा, साधा माउस हलवला तरी. जुना कॉम्प्युटर घरघरायला लागायचा.

एवढ्या कटकटीपेक्षा बहुतेकांनी सोपा रस्ता धरला. रुंदी पक्की ठोकून टाका. एक्सप्लोरर ७ ने २००६ मध्ये या मर्यादा ओळखायला सुरुवात केली, पण तोवर सवय लागली होती. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार २०१४ पर्यंत चालू होता, आणि एक्सप्लोरर अधिकृतपणे निवृत्त झाला तो १५ जून २०२२ ला. ब्राउझर गेला, पण त्याच्यासाठी ठोकलेली रुंदी अनेक पानांत अजून तशीच आहे.

४) मराठीचं वेगळं दुखणं

आपल्या भाषेला यात दुहेरी मार बसला. युनिकोड रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या आणि सरकारी साईट स्वतःच्या फॉन्टवर चालायच्या. पानाबरोबर फॉन्ट आपोआप उतरायचा, पण बहुतेक ठिकाणी ती सोय फक्त एक्सप्लोररमधली. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की अगम्य इंग्रजी चिन्हांची रांग. युनिकोड आलं तरी विंडोज एक्सपीमध्ये जोडाक्षरं नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन सीडी घालावी लागायची. नाहीतर जोडाक्षर फुटून पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसायची, आणि तोच शब्द जास्त जागा खायचा. ठोकलेल्या रुंदीत तो मावायचा नाही.

शिवाय आपले शब्द लांब. ‘महानगरपालिकेच्या’, ‘मालमत्ताधारकाचे’, ‘हस्तांतरणासाठी’. तक्त्याचा रकाना साधारणपणे त्यातल्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा अरुंद होत नाही. असे पाच रकाने शेजारी ठेवले, की मोबाईलची कड ओलांडलीच समजा. लांब शब्द गरज पडल्यास मधे तोडण्याचा नियम आहे, आणि तोही मुळात इंटरनेट एक्सप्लोररनेच आणलेला. पुढे तो सगळ्यांनी स्वीकारला. इंग्रजी मजकूर टाकून पान तपासलं आणि नंतर त्यात मराठी भरलं, तर हे दुखणं बनवणाऱ्याला दिसतच नाही.

५) मोबाईल आला, आणि त्याने पळवाट काढली

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा जगातली बहुतेक पानं ९६० च्या आसपास ठोकलेली होती. फोनने नवीन शक्कल लढवली. स्वतः लहान असूनही आपण ९८० पिक्सेल रुंद आहोत असं तो पानाला सांगायचा, आणि मग सगळं लहान करून दाखवायचा. ज्या पानाला फोनची खरी रुंदी हवी असेल, त्याने तसं एका ओळीत सांगायचं. आजचे अँड्रॉइड फोनही हीच पद्धत पाळतात.

त्यामुळे घरबसल्या निदान करता येतं. अक्षरं मुंगीएवढी दिसतात? मग पान बनवणाऱ्याने ती एक ओळ लिहिलीच नाही. अक्षरं ठीक, पण पान आडवं सरकतंय? मग ती ओळ आहे, पण आत कुठेतरी रुंदी ठोकलेली आहे. ‘डेस्कटॉप साईट’ची टिक म्हणजे दुसऱ्या दुखण्यावर पहिलं दुखणं लावणं.

खरा उपाय २०१० च्या मे महिन्यात इथन मार्कट यांच्या लेखातून पुढे आला: रुंदी टक्क्यांत द्या, चित्रांना वरची मर्यादा द्या, आणि पडदा लहान असेल तर मांडणीच बदला. त्यासाठी लागणारं मानक २०१२ मध्ये पक्कं झालं. म्हणजे भांड्याचा आकार घेणाऱ्या जुन्या पाण्याकडे आपण परत आलो, फक्त मधे पंधरा वर्षं गेली.

६) मग आपल्याकडे अडतंय कुठे?

ब्राउझरची अडचण संपली, हे आधी मान्य करू. आज स्वस्तातल्या फोनमधला ब्राउझरही हे सगळे नियम ओळखतो. अडचण आता समोर कोण बसलंय हे न बघण्याची आहे. पान बनवणारा हिंजवडीत मोठ्या मॉनिटरपुढे असतो, मंजूर करणारा साहेब केबिनमधल्या कॉम्प्युटरवर बघतो, आणि वापरणारा निघोजे-कुरुळीच्या खोलीत ३६० पिक्सेलच्या फोनवर असतो. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर आपल्या पट्ट्यातल्या कामगाराच्या हातात इंटरनेट आलं ते थेट मोबाईलवर. त्याच्या घरात डेस्कटॉप कधी नव्हताच. त्याला ‘डेस्कटॉप साईट करा’ सांगणं म्हणजे दारात रॅम्प बांधायचा सोडून जिना चढायला शिका म्हणण्यासारखं आहे.

याच शहराने वेगळा विचार करून दाखवलाय, हेही विसरू नका. २०१३ मध्ये श्रीकर परदेशी आयुक्त असताना महापालिकेने ‘सारथी’ सुरू केली. एकच माहिती हेल्पलाइनवर, पुस्तिकेत, वेबसाईटवर आणि मोबाईलवर. फोनवरच्या उत्तराला रुंदीच नसते, ते प्रत्येकाच्या कानात मावतं. नागरिकाकडे काय साधन आहे ते आधी बघायचं आणि माहिती त्यात बसवायची, हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही.

नियमही आपल्या बाजूने आहेत. सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. २०२३ ची तिसरी आवृत्ती ज्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मानकावर उभी आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय: ३२० पिक्सेल रुंदीत पान आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे. सूट आहे ती आकडेवारीच्या तक्त्यांना वगैरे, आणि ती रास्त आहे. सातबाऱ्यासारखा रुंद नमुना एवढ्याशा जागेत कोंबता येत नाही. पण अशा वेळी तक्ता त्याच्या चौकटीत सरकावा, अख्खं पान नाही, आणि ‘पुढे’चं बटण तर कधीच बाहेर जाऊ नये.

म्हणून मागणी साधी आहे. महापालिका असो, नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, नवीन साईटचं किंवा पोर्टलचं बिल पास करण्याआधी एक तपासणी हवी. साध्या अँड्रॉइड फोनवर, खऱ्या मराठी मजकुरासह, फॉर्म पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत भरून बघा. आडवं सरकावं लागलं तर रिजेक्ट. आपल्या कारखान्यांत गेजमधून न गेलेला पार्ट पुढे पाठवत नाहीत. सरकारी पानाला तरी वेगळा न्याय का?

नगरसेवकांना, सरपंचांना टॅग करा. आणि पुढच्या वेळी बटण दिसलं नाही तर ‘आपल्यालाच जमत नाही’ असं समजू नका. स्क्रीनशॉट काढा, पानाचं नाव आणि तारीख लिहा, आणि लेखी तक्रार टाका.

#पिंपरीचिंचवड #चाकण #डिजिटलसेवा