दार उघडले, उंबरठा उरला

एप्रिल १९६९. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील सिटी कॉलेजचा दक्षिण परिसर कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतला. सार्वजनिक महाविद्यालय आमच्या मुलांनाही खुले करा, ही त्यांची मागणी. परिणामी १९७० पासून शहरातील हायस्कूल उत्तीर्ण प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळू लागला.

मात्र शाळांनी अनेकांचे गणित कच्चेच ठेवले होते. त्यांच्यासाठी पूर्वतयारीचे वर्ग निघाले: आधी अपूर्णांक, टक्केवारी, ऋण संख्या, मग समीकरणे. हे वर्ग सहसा पदवीच्या हिशेबात धरले जात नसत. कित्येकांचे शिक्षण तेथेच थांबले.

२०१३ मध्ये याच विद्यापीठात एक प्रयोग झाला. प्राथमिक बीजगणितात कच्चे ठरलेले ९०७ विद्यार्थी यदृच्छेने तीन गटांत विभागले गेले. केवळ पूर्वतयारीच्या वर्गात ३९ टक्के उत्तीर्ण झाले. थेट पदवीचे संख्याशास्त्र आणि सोबत साप्ताहिक मार्गदर्शन मिळालेल्यांत ५६ टक्के.

संख्याशास्त्र उत्तीर्ण झाल्याने बीजगणित येत नाही. भावी अभियंत्याला ते शिकावेच लागते. पण ज्याला पुढे त्याची गरज नाही, त्याची पदवी त्यावर का अडावी? १९६९ चा लढा प्रवेशाचा होता. हा प्रश्न प्रवेशानंतरचा आहे.