काडी नसलेली नळी

२००० नंतरच्या दशकात अमेरिकेत विकल्या गेलेल्या क्रायस्लरच्या बऱ्याच गाड्यांचं बॉनेट उघडलं, की मागच्या बाजूला एक धातूची नळी वर आलेली दिसते. नळीच्या तोंडावर प्लास्टिकचं टोपण, आणि टोपणावर तीन इंग्रजी शब्द : 'डीलर यूज ओन्ली'. टोपण काढलं तर आत काही नसतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल मोजायची काडी, म्हणजे डिपस्टिक, जिथं असायला हवी तिथं ती नसते. तिच्यासाठी केलेली जागा तेवढी शाबूत असते. काडी डीलरच्या वर्कशॉपमध्ये, सगळ्या गाड्यांना मिळून एक.

विहीर तुमच्या परसात, पोहरा मात्र आमच्याकडे, असा हा प्रकार. यंत्रांच्या इतिहासात मालकाच्या हातून गोष्टी काढून घेतल्या गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. पण इतकं उघडं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. ही काडी गेली कशी, आणि ती गेल्यावर लोकांनी घरच्या घरी काय केलं, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

सुरुवात काडी होती तिथून करू. १९३९ मध्ये जनरल मोटर्सनं १९४०च्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रा-मॅटिक हा गिअरबॉक्स आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. त्यामागचा मुख्य अभियंता अर्ल थॉम्पसन. गिअर टाकताना होणारी खरखर थांबवणारी सिंक्रोमेश रचनाही त्याचीच. खरखर थांबवणाऱ्यानं पुढं गिअर टाकायचं कामच माणसाकडून काढून घेतलं, हे मला मजेशीर वाटतं. युद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यांत बसला आणि युद्धानंतर 'रणांगणावर पारखलेला' म्हणून गिऱ्हाइकांपुढं आला.

साध्या गिअरबॉक्समध्ये तेल दातांना वंगण पुरवतं, एवढंच. हायड्रा-मॅटिकच्या कुळात ते याहून खूप काही करतं. इंजिनाची ताकद चाकांकडं जाते ती तेलातून : एक पंखा तेल फेकतो, समोरचा पंखा त्या झोतानं फिरतो. कोणता गिअर कधी पडावा हे ठरवतं तेलाच्या दाबाचं जाळं. क्लच आवळतं तेल, आणि घर्षणाची उष्णता वाहून नेतं तेही तेलच. त्यामुळं पातळी खाली गेली, की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, क्लचच्या चकत्या घसरतात आणि जळतात. पातळी वर गेली तर फिरणारे भाग तेलात बुडून ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसात पुन्हा हवाच. कमी आणि जास्त, दोन्हीचा शेवट एकाच ठिकाणी. इंजिनमध्ये अर्धा लिटर इकडंतिकडं खपून जातं; इथं खपत नाही.

म्हणून मालकाला काडी दिली होती. सुरुवातीच्या हायड्रा-मॅटिक गाड्यांत ती बॉनेटखाली नव्हती. पुढच्या सीटसमोरची चटई उचलायची, खालचं झाकण काढायचं, आणि तिथून काडी ओढायची. आजच्या माणसाला हा उपद्व्याप वाटेल, पण तो मालकानं किंवा पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यानं करावा हेच गृहीत होतं. पुढं नळी लांब होऊन काडी बॉनेटखाली आली.

मोजण्याचे नियम मात्र इंजिनाच्या तेलापेक्षा नेहमीच किचकट राहिले. गाडी सपाटीवर हवी, तेल गरम हवं, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू हवं. कारण इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टरमधलं बरंच तेल खाली उतरतं आणि काडी खोटंच 'भरपूर' दाखवते. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये गाडी पार्कमध्ये नव्हे तर न्यूट्रलमध्ये ठेवून मोजायचं, कारण पार्कमध्ये कन्व्हर्टरला तेल पोचत नसे. होंडाचं भलतंच : गाडी गरम करा, इंजिन बंद करा आणि लगेच मोजा. ज्यानं हे सगळे नियम घालून दिले, त्यानं मालक पुस्तिका वाचतो यावर विश्वास ठेवला होता, एवढं नक्की.

काडी नुसती पातळी सांगत नसे. हे तेल मुद्दाम लाल रंगवलेलं असतं, इंजिनाच्या तेलाशी गल्लत होऊ नये आणि गळती ओळखता यावी म्हणून. काडीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपला, की लाल म्हणजे ठीक. काळपट तपकिरी आणि जळका वास म्हणजे क्लच गेले. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरलं. आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनाही हे लाल तेल ओळखीचं आहे, फक्त 'पॉवर स्टीअरिंग ऑइल' या नावानं. बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्ये तेच पडतं.

या लाल तेलात एके काळी देवमाशाची चरबी असे. स्पर्म व्हेलच्या तेलात घर्षण हवं तितकंच ठेवण्याचा आणि उष्णतेत टिकून राहण्याचा गुण होता, आणि क्लच झटका न देता आवळण्यासाठी नेमकं तेच लागतं. जनरल मोटर्सच्या १९४९च्या 'टाइप ए'पासून १९६७च्या डेक्स्रॉनपर्यंत हा काळ चालला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं व्हेलपासून मिळणाऱ्या मालाची आयात थांबवली, आणि तेलवाल्यांना पर्यायी रसायनं शोधावी लागली. पहिल्या फेरीतल्या डेक्स्रॉन-२नं तेल थंड करणाऱ्या कूलरचे डाग दिलेले सांधे खायला सुरुवात केली, म्हणून तेही बदलावं लागलं. पण या धडपडीतून कृत्रिम तेलं सुधारत गेली. पुढं 'हे तेल कधीच बदलावं लागणार नाही' असं म्हणायची हिंमत कारखान्यांना झाली ती या सुधारणेतून.

आणि ज्या तेलाला कधी हात लावायचा नाही, त्याला काडी कशाला?

मर्सिडीजनं १९९०च्या दशकाच्या मध्याला ७२२.६ हा पाच गिअरांचा, संगणकानं चालणारा गिअरबॉक्स आणला. तेल 'आयुष्यभरासाठी' भरलेलं. नळी होती, तोंडाला टोपण आणि टोपणात मोडल्याशिवाय न निघणारी लाल प्लास्टिकची पिन. काडी नव्हती. १९९८ मध्ये डाइमलर आणि क्रायस्लर एक झाले आणि हाच गिअरबॉक्स अमेरिकेत एनएजी१ नावानं क्रायस्लर, डॉज आणि जीपमध्ये शिरला. क्रायस्लरनं स्वतःच्या काही गिअरबॉक्सांनाही तेच टोपण घातलं. जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्यांतला ४टी४०-ई तर नळीशिवायच आला. तिथं बाजूला फक्त एक प्लग.

कारखान्यांची बाजू पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवं. लोक थंड तेल मोजून कमी आहे समजत आणि वर ओतत. आठ लिटर तेल वीस अंशांवरून ऐंशीवर गेलं, की एक तृतीयांश लिटरहून थोडं जास्त फुगतं. थंडीत पूर्ण भरलेला गिअरबॉक्स रस्त्यावर गेल्यावर जादा भरलेला असतो. शिवाय कोणी हाताला लागेल ते तेल घाली, कोणी मळकट चिंधीनं काडी पुसून कचरा आत सोडी. नव्या गिअरबॉक्सांना विशिष्ट तेलच चालतं, ७२२.६ला नुसतं 'लाल' असून भागत नाही. हे सगळं खरं. पण याला उत्तर म्हणून काडीवर नीट खुणा करता आल्या असत्या. काडी काढून घेतल्यानं जादा तेल घालणारा थांबला, आणि गळती वेळेत पाहणाराही थांबला. ७२२.६च्या बाबतीत हे महागात पडणारं होतं, कारण त्याच्या तारांच्या जोडणीचा एक रबरी रिंगवाला प्लग पाझरण्यासाठी प्रसिद्ध आहे. ही गळती इतकी संथ असते, की जमिनीवर डाग पडायच्या आत पातळी उतरलेली असते.

मग लोकांनी स्वतःची काडी केली. वर्कशॉपची काडी म्हणजे मुळात लांब, लवचीक तार. खालच्या टोकाला मिलिमीटरच्या खुणा. ती नळीतून सोडायची, चेंबरच्या तळाला टेकवायची आणि तळापासून तेल किती उंच चढलं ते वाचायचं. गाडी बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत एक आलेख असतो : एका अक्षावर तेलाचं तापमान, दुसऱ्यावर मिलिमीटर. आलेख मिळाला, की काडीचं गूढ संपतं. वाकेल पण तुटणार नाही अशी कुठलीही स्वच्छ तार आणि पट्टी पुरते. कारखान्याच्या काडीची नक्कल बाजारातही स्वस्तात मिळू लागली.

खरी अडचण तापमानाची. मी अशा एका गिअरबॉक्सचं तेल शेजाऱ्याच्या अंगणात मोजलं आहे. काडीला पाच मिनिटं लागली, तापमानाला तासभर. १९९६ पासून अमेरिकेतल्या गाड्यांना ओबीडी-२ची जोडणी सक्तीची आहे, त्यामुळं स्कॅनर लावून तापमान वाचता येईल असं वाटतं. पण ७२२.६मध्ये तेलाचा तापमापक आणि 'गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे' हे सांगणारा स्विच एकाच तारेत ओवलेले आहेत. पार्कमध्ये टाकलं, की तो स्विच उघडतो, तापमापक तुटतो आणि संगणक तेलाऐवजी इंजिनाच्या पाण्याचं तापमान धरतो. मोजायचं मात्र पार्कमध्येच! म्हणून ब्रेक दाबून क्षणभर ड्राइव्हमध्ये टाकायचं, आकडा वाचायचा, परत पार्क, हँडब्रेक, आणि मग काडी. दुसरी खोड नळीची. तिच्या आतल्या भिंतीला तेल चिकटलेलं असतं, ते वर जाणाऱ्या काडीला फासतं. तीन-चारदा मोजून काडीच्या दोन्ही बाजू पाहायच्या आणि त्यातला खालचा आकडा खरा धरायचा.

प्लगवाल्या गिअरबॉक्सांची रीत वेगळी, आणि आपल्याला ओळखीची. साताऱ्याच्या हायवेवरच्या गॅरेजमध्ये लहानपणी मी मेस्त्रीला साध्या गिअरबॉक्सचा बाजूचा प्लग काढून आत करंगळी वाकवताना पाहिलं आहे. बोटाला काठाशीच तेल लागलं, की झालं. झेडएफच्या सहा गिअरांच्या ६एचपीमध्ये तत्त्व तेच. फक्त इंजिन चालू, तेल तीस ते पन्नास अंशांच्या मध्ये, आणि भोकातून बारीक धार येईपर्यंत भरत राहायचं. यात घरच्या माणसाला धोका तेलाचा नसून गाडीचा आहे. चालू गाडीच्या खाली जायचं असतं आणि ती चारही चाकांनी सपाट उचललेली हवी. नुसत्या जॅकवर हे करणाऱ्याला मी करू देणार नाही.

'आयुष्यभर' या शब्दाचं पुढं काय झालं? झेडएफ स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरवर, किंवा फार तर आठ वर्षांनी, तेल बदलायला सांगते. मर्सिडीजनंही ७२२.६साठी तेलबदलाची शिफारस नंतर आणलीच. म्हणजे आयुष्य होतं ते वॉरंटीचं आणि पहिल्या मालकाचं. काडीचा प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाचा आहे. पिंपरीला टेल्कोच्या आवारात १९९५ पासून मर्सिडीज जोडल्या जाऊ लागल्या, २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. त्या जुन्या गाड्या आज ज्यांच्या दारात आहेत, त्यांना हा प्रश्न अमेरिकेतल्या मालकाइतकाच लागू आहे. आपल्याकडं 'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या एएमटी गाड्यांना मात्र यातलं काही लागू नाही. तो साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यंत्राचा. तिथं मेस्त्रीची करंगळी अजून चालते.

काडी परत आलेली नाही. ७२२.६च्या पुढच्या पिढीत, २००३च्या ७२२.९मध्ये, पातळी ठरते चेंबरमध्ये उभ्या असलेल्या एका छोट्या नळीनं. खालून पंपानं तेल वर ढकलायचं, ४५ अंशांवर त्या नळीतून जे ओसंडेल ते पडू द्यायचं, आणि प्लग लावायचा. वर्कशॉपमध्ये यासाठी खास यंत्र असतं. घरी हे करणारे बागेत औषध फवारायचा हातपंप वापरतात.